एकोणीसचा पाढा

"ताई, एक वाजला," शर्वरी मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरत म्हणाली. "जुईची झोपायची वेळ झाली."

जुईला मात्र हे कुणी कळवलेलं नव्हतं. एकवीस महिन्यांची ती बया सिमेंटच्या एका बदकावर ठाण मांडून बसली होती आणि खाली उतरायचं नाव घेत नव्हती. डोळे लाल, नाक वाहतंय, एका पायातला बूट कुठेतरी पडलेला, आणि तरी तोंडाने "आन्खी, आन्खी" चाललेलं. माझ्या धाकट्या भावाने, विनयने, तिला उचलायला हात पुढे केला तर तिने त्याच्या बोटाला कडकडून चावा घेतला.

"तू घे बाई हिला," विनय बोट झटकत म्हणाला. "आम्ही आई-बापांनी हात टेकले."

मी वाकले आणि नुसते हात पसरले. जुईने एकदा बदकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि "अत्तू" म्हणत अंग टाकून दिलं. माझ्या खांद्यावर तिचं डोकं टेकलं तेव्हा शर्वरीने मान दुसरीकडे वळवली. पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं तिने केलं, पण जुईचं सगळं सामान तर माझ्याकडच्या पिशवीत होतं.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. आम्ही नाशिकहून कसारा घाट उतरून गंमतनगरी नावाच्या त्या पार्कात दोन दिवसांसाठी आलो होतो. मे महिन्याची अखेर होती. शर्वरीने चार महिने आधीपासून वहीत सगळं आखून ठेवलं होतं. कुठल्या पाळण्यावर कधी, खाणं कधी, आणि एक ते अडीच 'जुई झोप' असं लाल शाईने. त्या दीड तासात ती आणि विनय मोठ्या पाळण्यांवर जाऊन येणार होते. मी कुठे असणार हे वहीत लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. "तुम्ही तशाही पाळण्यात बसत नाही ना, ताई," असं शर्वरी निघताना म्हणाली होती. मी आयुष्यात कधी त्यात बसलेच नव्हते, त्यामुळे मी बसते की नाही हे मलाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. डी.एड. झाल्यावर दोन वर्षं एका शाळेत तात्पुरती शिकवत होते, तेवढ्यात आईचं एक अंग लुळं पडलं. मग अकरा वर्षं आईचं केलं. आई गेली, आणि वर्षाच्या आत जुई आली. शर्वरीची विमा कंपनीतली नोकरी, सकाळी साडेआठला बाहेर पडायची. तीन महिन्यांची जुई तिने माझ्या मांडीवर दिली तेव्हा मला कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारावं असं मलाही वाटलं नाही.

पण त्या मार्चमध्ये मी कुणाला न सांगता एक अर्ज केला होता. जव्हारकडच्या मुलींच्या एका निवासी शाळेत शिक्षिका हवी होती. मुलाखतीला गेले ते मैत्रिणीकडे हळदीकुंकू आहे असं सांगून. अर्ज केला खरा, पण आपल्याला कोण घेतंय अशी खात्रीही मनाशी होती. तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात हुकूम आला. जूनच्या पहिल्या सोमवारी हजर व्हा. गंमतनगरीत आम्ही आलो तो त्याच्या आधीचा शुक्रवार होता, आणि हुकूम आल्याचं घरात कुणालाही माहीत नव्हतं. मी ताकास तूर लागू दिली नव्हती.

कारण जुई. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सबनीसबाईंचं पाळणाघर होतं. मार्चमध्येच, माझ्या अंगात ताप होता तेव्हा, शर्वरीने जुईला तिथे ठेवून पाहिलं होतं. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी सबनीसबाई स्वतः तिला कडेवर घेऊन दारात हजर. "खाते-पिते छान, पण दुपारी झोपत म्हणून नाही हो. रडून रडून बाकीच्या अकरा पोरांनाही उठवते. दुसऱ्या कुणाकडे झोपायला लागली की आणा, जागा ठेवते मी तिची."

म्हणजे सगळं त्या दुपारच्या झोपेवर येऊन ठेपलं होतं. जुई दुसऱ्या कुणाच्या हातात झोपली तर मी मोकळी. नाही झोपली तर शर्वरीने नोकरी सोडायची, नाहीतर मी हुकूम फाडायचा. आणि यातलं काय होणार हे आमच्या घरात ठरवायला बसायचीही गरज पडली नसती.

मी जुईला घेऊन निघाले. झोपायला जागा शोधणं हे त्या पार्कात सोपं काम नव्हतं. झाडाखाली बसावं तर बारा-बारा मिनिटांनी छोटी रेल्वे शिट्टी मारत जायची. बायकांच्या खोलीत पंखा होता, पण तिथे ओले कपडे बदलणाऱ्या मुलींची झुंबड. शेवटी बाहुल्यांच्या खेळाचं एक बैठं घर सापडलं. खेळ चार वाजता होता, तोवर दाराला कुलूप. त्याच्या मागच्या बाजूला गार फरशीची पडवी होती आणि तिथे चिटपाखरू नव्हतं. मी ओढणी अंथरली, ओल्या फडक्याने जुईचं तोंड पुसलं आणि तिला मांडीवर आडवं घेतलं.

तिला झोपवायची माझी एक रीत होती. अंगाई मला येत नाही, गळाच नाही. पण आमचे अण्णा शाळामास्तर होते. दिवेलागणीला ते मला परवच्याला बसवायचे. आधी शुभं करोति, मग अकरापासून तीसपर्यंत पाढे, तेही एका ठरावीक चालीत. विनय माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याची वेळ येईपर्यंत अण्णा थकले होते, परवचा बंद पडला होता. त्यामुळे ती चाल आमच्या घरात माझ्या एकटीकडे उरली. जुई चार महिन्यांची असताना एका दुपारी काही केल्या रडायची थांबेना, तेव्हा माझ्या तोंडून नकळत 'अकरा एके अकरा' सुरू झालं, आणि पोर गप्प झाली. तेव्हापासून रोज तेच. पंधराला जांभई, सतराला पापण्या जड, एकोणीसला गाढ. विसाची पाळी कधी आलीच नाही.

थोपटायचं तेही त्या चालीवरच. 'एके'ला एक थाप, उत्तराला दुसरी, आणि मध्ये श्वासभर थांबायचं.

त्या दिवशी सोळावरच झोपली. इतकी दमली होती. मी भिंतीला टेकून बसले. दुरून मोठ्या पाळण्यावरच्या माणसांचा गलका यायचा आणि विरायचा. मांडीला रग लागली, पाय मुंग्यांनी भरून गेला, पण मी हलले नाही. खरं सांगायचं तर मला कशाचीही उणीव वाटत नव्हती. कुणीतरी आपल्याशिवाय झोपू शकत नाही, यात फार सुख असतं. ते सुख मी त्या दुपारी पुरेपूर घेतलं.

अडीचला शर्वरी आली. केस विस्कटलेले, गाल लाल, कितीतरी दिवसांनी हसरी. "ताई, काय सांगू, वरून खाली येताना विनय चक्क देवाचं नाव घेत होता!" तिच्या आवाजाने जुई जागी झाली. शर्वरी पटकन गुडघ्यावर बसली. "माझं पिल्लू ते! आईकडे ये."

जुईने अर्धवट झोपेत आईकडे पाहिलं, ओठ काढले आणि तोंड माझ्या पोटात खुपसलं. "अत्तू. अत्तू."

"झोपेत आहे गं ती," मी म्हणाले.

"हो ना," शर्वरी म्हणाली. ती तशीच गुडघ्यावर बसून, फरशीवरून जुईचा एकुलता बूट उचलून पुसायला लागली.

संध्याकाळी आम्ही पार्काला लागूनच असलेल्या लॉजच्या गच्चीवर बसलो होतो. विनय खाली जुईला कारंजं दाखवत होता. शर्वरीने दोन कप चहा आणला, एक मला दिला.

"ताई, खरं सांगाल? तुम्ही काय करता?"

"कशाचं?"

"तिला झोपवताना. मी सगळं करून बघितलं. गाणी म्हणते, कपाळावरून हात फिरवते, तुमची साडीसुद्धा नेसून बघितली एकदा. हसू नका. म्हटलं, वासाने तरी फसेल."

मी हसले नव्हते. माझी साडी नेसून ती दुपारभर लेकीला मांडीवर घेऊन बसली असेल, हे डोळ्यांसमोर आलं आणि मी कप खाली ठेवला.

"काही नाही गं," मी म्हणाले. "नुसतं थोपटते. सवय झालीय तिला, बाकी काय."

"सवय," ती म्हणाली. तिने वाकून खाली कारंज्यापाशी जुईला शोधलं. मग म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून माझी नोकरी आहे. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला कळतं. तुम्ही नसतात तर मी कधीच घरी बसले असते."

असं कुणी म्हटलं की माणसाला बरं वाटतं. मलाही वाटलं. हुकमाची गोष्ट काढायची तर तीच वेळ होती, आणि मी 'चहात आलं छान उतरलंय' असं म्हणाले. मनात एक आवाज म्हणत होता, बघ, कशी जाणार तू? तुझ्यावाचून यांचं कसं होणार? तो आवाज मला फार आवडत होता.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकलं तेव्हा शर्वरीने वही पिशवीत टाकली आणि जुईला माझ्या हातातून घेतलं.

"आज मी झोपवते."

"अगं, कशाला?" विनय म्हणाला. "दुपारच्या बोटीत बसायचंय ना आपल्याला? तुझ्याच वहीत आहे."

"बोट गेली खड्ड्यात. मी झोपवते म्हटलं ना."

मी पुढे झाले, कालची पडवी दाखवली, ओढणी अंथरून दिली. शर्वरी मांडी घालून बसली, जुईला आडवं घेतलं. मी चार हात लांब खांबापाशी उभी राहिले. मला वाटलं होतं पाच मिनिटांत संपेल.

आधी गाणं झालं. शर्वरीचा गळा गोड आहे, ती चांदोबाचं काहीतरी म्हणत होती. जुईने दोन ओळी ऐकून घेतल्या आणि उठून बसली. मग पुन्हा आडवं, पुन्हा गाणं. मग कुरकुर, मग लाथा, मग ती अशी काही रडायला लागली की बाहुलीघराच्या पुढच्या बाजूने माणसं डोकावायला लागली. गर्दीला त्या पार्कात तोटा नव्हता.

"उष्णता झालीय पोरीला, सब्जा द्या," एक बाई म्हणाल्या.

"दृष्ट लागली असेल हो," दुसऱ्या म्हणाल्या. "मीठ-मोहरी नाहीये का कुणाकडे?"

पार्कात पोहायचे कपडे घालून आलेल्या माणसांकडे मीठ-मोहरी कुठून असणार? पण उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं! शर्वरीच्या कपाळावरून घाम निथळत होता. जुई तिच्या हातातून निसटून माझ्या दिशेने झेपावत होती. "अत्तू! अत्तूऽऽ!"

"दे ना ताईकडे," विनय वैतागून म्हणाला. "उगाच काय हट्ट? पोरीचे हाल करतेस."

"मी हाल करतेय? मी?" शर्वरीचा आवाज फाटला. "तिला मी नकोच आहे, विनय. मी कोण आहे तिची? महिन्याच्या महिन्याला खेळणी आणणारी बाई."

"तू काहीही बोलतेस. मी पाणी घेऊन येतो," असं म्हणून विनयने तिथून काढता पाय घेतला. जमलेल्या बायकाही जरा ओशाळल्या आणि पांगल्या. पडवीत आम्ही तिघीच उरलो. जुईने दोन्ही हात माझ्याकडे पसरले होते. तिचा चेहरा रडून रडून सुजला होता, आणि शर्वरीने डोळे मिटून घेतले होते. आता ती जुईला माझ्याकडे देणार हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. एकदा दिली असती की पुन्हा कधी तिने मागितली नसती.

माझे हात पुढे झालेच होते. ते मी मागे घेतले. कुणी जीव द्यायला सांगितलं असतं तर इतकं जड गेलं नसतं, असं मला त्या घडीला वाटलं. अतिशयोक्ती वाटेल, पण वाटलं ते सांगते आहे.

"शर्वरी," मी म्हणाले, "अकराचा पाढा म्हण."

तिने डोळे उघडले. "काय?"

"अकराचा पाढा. मोठ्याने."

"ताई, ही काय वेळ आहे थट्टेची?"

"थट्टा नाही. अकरा एके अकरा. म्हण माझ्यामागून."

"मला इंग्रजीतून येतात पाढे."

"इंग्रजीतून नाही चालणार. तिला कळेल." मी तिच्या पाठीमागे जाऊन बसले, जुईला मी दिसणार नाही अशी. "एकेला एक थाप, उत्तराला एक. घाई नको. अकरा एके अकरा."

"अकरा एके अकरा," शर्वरी हुंदका गिळत म्हणाली.

"अकरा दुणे बावीस."

"अकरा दुणे बावीस."

जुईचं रडणं मध्येच तुटलं. तिने वर आईच्या तोंडाकडे पाहिलं. घरातली रोजची वस्तू भलत्याच खोलीत दिसावी तशी ती बुचकळ्यात पडली होती. मग पुन्हा रडायला लागली, पण आता रडण्यात जोर नव्हता. बारा झाला, तेरा झाला. चौदाला तिने अंगठा तोंडात घातला. शर्वरीची थाप आधी फार घाईची होती, ती हळूहळू चालीवर आली. पंधराला जुईने जांभई दिली तशी शर्वरीच्या पाठीचा कणा एकदम ताठ झाला, पण ती थांबली नाही.

सतरापासून मी माझा आवाज कमी करत गेले. मी अर्धंच म्हणायची, पुढचं ती. एकोणीसला मी पूर्ण गप्प बसले.

"एकोणीस एके एकोणीस," शर्वरी एकटी म्हणाली. "एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस चोक... शहात्तर. एकोणीस पाचे..." ती अडखळली. मान वळवायची तिला भीती वाटत होती. "एकोणीस पाचे ब्याण्णव. एकोणीस सक... शंभर."

अण्णांनी छडीच उगारली असती. चुकीचा पाढा कानावर पडला की माझ्याही अंगावर काटा येतो, आजही येतो. पण मी दुरुस्त केलं नाही. जुईचा अंगठा ओठांतून सुटून गालावर ओघळला होता. ती झोपली होती. आईच्या मांडीवर, चुकलेल्या पाढ्यावर, गाढ.

शर्वरी वाकून तिच्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही ती हात काढत नव्हती. मी उठून तिच्या समोर येऊन बसले. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि मग तो माझ्यासमोरच हळूहळू ओसरला.

"पाढे?" ती कुजबुजली. "इतकंच?"

"इतकंच."

"सबनीसबाईंनी विचारलं होतं तुम्हाला. तापातून उठून तुम्ही दारात आलात तेव्हा. मी तिथेच उभी होते. त्या म्हणाल्या, घरी कशी झोपते ते सांगा, मी तसं करून बघते."

"हो."

"तुम्ही म्हणालात, आपोआप झोपते."

"हो. तसं म्हणाले."

आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण आम्ही दोघींनी कुजबुजत केलं, कारण मांडीवर पोर झोपलेलं होतं.

"आणि काल मी विचारलं. साडीचंसुद्धा सांगितलं तुम्हाला. मला लाज वाटत होती, तरी सांगितलं. तीन महिने मी रोज ऑफिसात बसून विचार करतेय, ताई, की माझ्यात काय कमी आहे. माझं दूध कमी पडलं का, मी लवकर कामावर गेले का, काय पाप केलं. आणि तुमच्याकडे हे होतं." तिने श्वास घेतला. "का?"

उत्तर नव्हतं असं नाही. आईच्या आजारपणात मी रोज म्हणायची, मला यातून सुटायचंय. आई गेली आणि सुटले, तर सकाळी उठून काय करायचं ते समजेना. कुणालाच माझी गरज नसलेलं ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. पुन्हा तसं होऊ नये म्हणून एका तान्ह्या पोरीच्या झोपेला मी कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावून हिंडत राहिले. वर जगाला म्हणत होते, बघा, मी कशी अडकलेय. आणि छत्तिसाव्या वर्षी पन्नास मुलींसमोर खडू घेऊन उभं राहायची भीती वाटत होती, ती या सगळ्याच्या आड छान लपत होती. पण हे तेव्हा सांगायला जमलं नाही. मी नुसतं म्हणाले, "चुकलं माझं."

शर्वरीने माफ केलं वगैरे काही नाही. ते पुढच्या दिवाळीत झालं, आणि तेही माझ्या मते अर्धंच. त्या घडीला तिने फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्याने मी फरशीत गाडले गेले.

तेवढ्यात जुई झोपेत दचकली. ओठ थरथरले, मूठ वळली. माझा हात आपोआप पुढे गेला. पण शर्वरीचा हात तिच्या पाठीवर आधीच होता. तिने थोपटायला सुरुवात केली आणि खाली वाकून, मला विसरून, अगदी सुरुवातीपासून धरलं. "अकरा एके अकरा. अकरा दुणे बावीस." चालही बरोबर होती. जुईची मूठ सुटली.

मी माझा हात मागे घेऊन उगाच केस सारखे केले. माझं काहीतरी गेलं होतं, आणि त्याच वेळी एक ओझंही उतरलं होतं. दोन्ही एकदम कसं होतं ते मला अजून सांगता येत नाही.

पाण्याच्या बाटल्या घेऊन विनय आला. पडवीच्या टोकालाच थबकला आणि मोठ्याने म्हणाला, "अरे वा! झोपली? ताईने झोपवली ना शेवटी?"

शर्वरीने झटकन मान वर केली. "श्शू! हळू बोल. मी झोपवलंय तिला." मग तिने माझ्याकडेही पाहिलं आणि हाताने लांब जायची खूण केली. "दोघंही तिकडे जा. इथे बोललात तर उठेल ती."

आम्ही दोघं भावंडं शहाण्या मुलांसारखी पडवी उतरलो. रेल्वेच्या रुळांपलीकडे एक बाक होता, तिथे जाऊन बसलो. विनय सारखा मागे वळून पाहत होता. खांबाआडून शर्वरीचा थोपटणारा हात तेवढा दिसत होता.

"कमाल आहे," तो म्हणाला. "कसं काय जमवलं गं तिने?"

"विनय," मी म्हणाले, "मला नोकरी लागलीय."

"काय?"

"शिक्षिकेची. जव्हारला, निवासी शाळेत. तिथेच राहायचं."

त्याने बाटली बाकावर ठेवली. "कधीपासून?"

"परवापासून. सोमवारी हजर व्हायचंय."

त्याच्या तोंडावर एकामागून एक इतकं काय काय येऊन गेलं की मला त्याची दया आली. शेवटी एकच प्रश्न बाहेर पडला. तोच येणार हे मला पंधरा दिवसांपासून माहीत होतं.

"आणि जुई?"

"झोपली की," मी म्हणाले.